किल्ली कोणाच्या कमरेला?



आपल्या गटाची पहिली पेटी आठवते का? बँकेत खातं निघायच्या आधीची, पत्र्याची, कडीला छोटं कुलूप असलेली. पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी, असा नियम होता. पेटी सांभाळणारीवर आपला अविश्वास होता असं नाही. पण पेटी आणि किल्ली एकाच घरात असली की चांगल्या माणसालाही मोह होतो, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आज मी अशाच एका किल्लीवाल्याची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट दूरची आहे, जर्मनी देशातली. त्याच्या पेटीत पैसे नव्हते. कागद होते, घरं होती, मोठ्या लेखकांच्या वस्तू होत्या. म्हणजे एका अख्ख्या देशाची आठवण होती म्हणा ना. त्यांचं नाव हेल्मुट होल्ट्सहाउअर. नाव जिभेला जड आहे, म्हणून आपण नुसतं हेल्मुट म्हणू.

हेल्मुट यांचा जन्म १९१२ सालचा, लाइपझिग शहरातला. लाइपझिग म्हणजे पुस्तकांचं गाव. छापखाने, प्रकाशक, पुस्तकांच्या जत्रा यांसाठी ते शेकडो वर्षं प्रसिद्ध होतं. हेल्मुट जन्मले त्याच वर्षी त्या शहरात एक मोठं ग्रंथालय स्थापन झालं. जर्मन भाषेत छापलेलं प्रत्येक पुस्तक तिथे जपायचं, असं ठरलं होतं. पुढे याच माणसाचं आयुष्य पुस्तकं आणि कागद जपण्यात जाईल, हे तेव्हा कोणाला माहीत असणार?

तरुणपणी ते कम्युनिस्ट चळवळीत शिरले. लाल बावटा, कामगारांचं राज्य, सगळ्यांना समान हक्क, हे त्यांचं स्वप्न होतं. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, पत्रकं वाटणं, एकत्र जमणं हाही गुन्हा झाला. हेल्मुट यांनाही त्या राजवटीत तुरुंगवास भोगावा लागला. म्हणजे विचारासाठी कुलपाच्या आत राहणं काय असतं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९४५ साली लढाई संपली. जर्मनी बेचिराख झाली होती. देशाचे तुकडे पडले आणि पूर्वेकडचा भाग रशियाच्या ताब्यात गेला. तिथे आता कम्युनिस्टांच्या हाती कारभार आला. काल तुरुंगात असलेली माणसं आज खुर्चीवर बसली. हेल्मुट यांनी आधी लाइपझिगमध्ये शिक्षणाचं काम पाहिलं, मग १९४८ पासून ते सॅक्सनी राज्याचे शिक्षणमंत्री झाले. काम सोपं नव्हतं. हिटलरच्या पक्षातल्या मास्तरांना शाळांतून काढलं होतं. त्यांच्या जागी कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या घरातली तरुण मुलंमुली थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेऊन फळ्यासमोर उभी राहत होती. त्यांना 'नवे शिक्षक' म्हणत. आपल्याकडच्या कितीतरी अंगणवाडी ताईंना त्यांची धाकधूक कळेल.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. आता ती वाकडी होते.

१९५१ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने कलेचा कारभार पाहायला एक आयोग नेमला. नाटक, संगीत, चित्रं, मूर्ती, सगळं त्याच्या हाताखाली. त्याचे अध्यक्ष झाले हेल्मुट. सरकारचं म्हणणं असं, की कला कामगाराला कळली पाहिजे, त्याचा उत्साह वाढवणारी पाहिजे. ऐकायला चांगलं वाटतं. पण कामगाराला काय कळतं आणि काय आवडतं, हे ठरवणार कोण? कामगाराला कोणी विचारलंच नाही. ठरवलं साहेबांनी. ज्याची कला त्या मापात बसत नसे त्याच्यावर ठपका येई. मग त्याचं काम अडे, प्रदर्शन अडे, नाटक अडे.

एक उदाहरण सांगते. एर्न्स्ट बार्लाख नावाचा एक मूर्तिकार होता. भीक मागणाऱ्या बाया, थंडीने आखडलेले म्हातारे, दुःखी आया, अशी साधी माणसं तो लाकडात आणि धातूत घडवायचा. हिटलरच्या लोकांनी त्याच्या मूर्ती देवळांतून आणि संग्रहालयांतून काढून टाकल्या आणि त्याच दुःखात तो १९३८ साली वारला. लढाईनंतर, १९५१ च्या डिसेंबरात, पूर्व बर्लिनमध्ये त्याच्या मूर्तींचं प्रदर्शन भरलं. वाटलं, आता तरी या माणसाला न्याय मिळेल. पण नव्या सरकारच्या वर्तमानपत्रांनीही त्याला झोडपलं. म्हणे, याच्या मूर्तींत आशा नाही, लढा नाही. तेव्हा ब्रेख्त हा नाटककार त्याच्या बाजूने उभा राहिला. हा ब्रेख्त आपल्या ओळखीचा आहे बरं का. त्याच्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी मराठीत 'तीन पैशाचा तमाशा' केला.

दीड वर्षाने, १७ जून १९५३ रोजी, पूर्व जर्मनीतले कामगारच रस्त्यावर उतरले. तेवढ्याच मजुरीत जास्त काम करा, असा हुकूम निघाला होता. कामगारांचं म्हणवणाऱ्या सरकारविरुद्ध कामगार उठले, आणि रशियाच्या रणगाड्यांनी तो उठाव मोडला. त्यानंतर कलाकारही बोलू लागले. हा आयोग बंद करा, अशी मागणी झाली. ब्रेख्तने तर आयोगाची टर उडवणारी कविताच वर्तमानपत्रात छापली. १९५४ च्या सुरुवातीला आयोग गेला, त्याच्या जागी संस्कृती मंत्रालय आलं, आणि हेल्मुट यांची खुर्ची गेली.

मैत्रिणींनो, मी हा माणूस धुऊन काढायला बसलेली नाही. जो स्वतः विचारासाठी तुरुंगात गेला, त्याच्याच आयोगाने दुसऱ्यांच्या विचाराला कुलूप लावलं. अन्याय सोसलेला माणूस अन्याय करणार नाही, असं आपल्याला वाटतं. पण सासुरवास सोसलेली सासू होते तेव्हा काय होतं, ते आपण घरोघरी पाहिलेलं आहे.

खुर्ची गेली आणि त्यांची बदली झाली वायमार नावाच्या गावी. हुद्दा होता तिथल्या साहित्यिकांच्या घरांचे आणि संग्रहालयांचे प्रमुख. राजधानीतल्या माणसाला वाटावं, अडगळीत टाकलं. पण तिथे ते जवळजवळ वीस वर्षं राहिले, मरेपर्यंत.

वायमार हे गाव लहान, पण जर्मन लोकांना फार प्रिय. गटे आणि शिलर हे त्यांचे दोन थोर कवी तिथे राहिले. गटे म्हणजे आपल्या शकुंतलेवर भाळलेला कवी. कालिदासाचं शाकुंतल १७९१ साली जर्मन भाषेत आलं, ते वाचून त्याने तिच्या कौतुकाच्या ओळी लिहिल्या. आपल्या नाटकांत सूत्रधार येतो ना, ती कल्पना गटेने स्वतःच्या मोठ्या नाटकाच्या सुरुवातीला वापरली, असं अभ्यासक मानतात.

या गावातल्या किल्ल्यांचा इतिहास पाहिला तर त्या बायकांच्या कमरेला दिसतात. पहिली आना आमालिया. अठराव्या वर्षी विधवा झाली, एक मूल कडेवर आणि दुसरं पोटात. त्या वयात तिने राज्याचा कारभार हाती घेतला आणि मुलगा मोठा होईपर्यंत चालवला. वाड्यात बंद असलेली पुस्तकं तिने १७६६ साली एका वेगळ्या इमारतीत नीट मांडून घेतली. दुसरी सोफी. गटेचा शेवटचा नातू १८८५ साली वारला, त्याने आजोबांचे सगळे कागद तिच्या हवाली केले. तीही राजघराण्यातली. ते कागद कपाटात कुलूपबंद ठेवले असते तरी तिला कोणी विचारणार नव्हतं. तिने विद्वानांना बोलावलं आणि गटेचं सगळं लिखाण छापायला घेतलं. ते काम तिच्या मागेही चालू राहिलं आणि १४३ खंड झाले. कागदांसाठी तिने नदीकाठी वेगळी इमारत बांधली. ते दप्तर आजही तिथेच आहे.

या सगळ्या घरांची, बागांची, दप्तराची जबाबदारी आता हेल्मुट यांच्यावर आली. काम कसलं? छपराची गळती, भिंतीची ओल, पुस्तकांना लागणारी कसर. गटेने गोळा केलेले नुसते दगडच अठरा हजारांच्या घरात आहेत. एकेक वस्तू मोजायची, नोंदवायची, जागेवर ठेवायची. आयोगात असताना एका सहीने नाटक थांबत होतं. पण एका सहीने ओल थांबत नाही. तिथे रोज लक्ष द्यावं लागतं. घर सांभाळणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही.

आणि त्या गावावर एक काळी सावलीही होती. वायमारपासून आठ-दहा किलोमीटरवर डोंगरावर हिटलरच्या लोकांनी बुखेनवाल्ड नावाची छळछावणी उभी केली होती. १९३७ ते १९४५ या काळात तिथे सुमारे ५६,००० माणसं मेली. त्यात ज्यू होते, रशियन युद्धकैदी होते, हेल्मुट यांच्याच पक्षाचे कितीतरी लोक होते. छावणी मोकळी झाली तेव्हा अमेरिकन सैन्याने वायमारच्या नागरिकांना पायी वर नेऊन ते प्रेतांचे ढीग दाखवले. खाली कवीचं सुंदर घर आणि वर ती छावणी. कविता पाठ असलेली माणसं असं कसं वागली? या प्रश्नाचं उत्तर वायमारमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला शोधावं लागत होतं. हेल्मुट यांच्या सरकारचं म्हणणं असं, की खरा गटे आमचा, कामगारांचा; हिटलरवाल्यांनी त्याचा खोटा वारसा सांगितला. हेल्मुट यांनीही गटेचं आयुष्य त्याच्या काळाशी आणि समाजाशी जोडून दाखवलं, त्यावर १९६९ साली मोठं पुस्तक केलं. यात खरं किती आणि पक्षाचं बोलणं किती, यावर वाद होऊ शकतो. पण त्या पक्षाच्या माणसाने ते घर जपलं, हेही खरं.

त्या घरात आपल्याला जवळची वाटेल अशी एक बाई राहत होती. क्रिस्टियान तिचं नाव. कागदाकापडाची फुलं बनवणाऱ्या कारखान्यात ती मजूर होती. भावाच्या नोकरीसाठी अर्ज घेऊन १७८८ साली ती गटेला बागेत भेटली. दोघं एकत्र राहू लागले, पण लग्न मात्र अठरा वर्षं झालं नाही. गावातल्या बड्या घरच्या बायका तिला दारात उभ्या करत नसत. पाच मुलं झाली, त्यातलं एकच जगलं. १८०६ साली फ्रेंच सैन्य गाव लुटत घरात घुसलं, तेव्हा ती शिपायांसमोर उभी राहिली आणि तिने घर आणि नवरा दोन्ही वाचवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत गटेने तिच्याशी लग्न केलं. आज जगभरातले लोक जे घर पाहायला जातात, ते त्या रात्री एका फुलं बनवणाऱ्या बाईने राखलेलं घर आहे. पण पाटीवर नाव गटेचं. आपल्या सातबाऱ्यासारखंच.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद. नित्शे नावाचा एक तत्त्वज्ञ वायमारमध्येच १९०० साली वारला. शेवटची कितीतरी वर्षं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याची बहीण एलिझाबेथ हिने त्याला सांभाळलं आणि त्याच्या कागदांची किल्ली आपल्या कमरेला लावली. सेवा तिने केली, ते नाकारायचं कारण नाही. पण तिने कागदांशी खेळ केला. भावाने टाकून ठेवलेली टिपणं आपल्या मनाने जुळवून त्याचं मोठं पुस्तक म्हणून छापली. आईला लिहिलेली पत्रं आपल्यालाच लिहिली आहेत, असं दाखवलं. पुढे ती हिटलरची भक्त झाली, हिटलर तिच्या घरी येऊन गेला, आणि तिच्या भावाचं नाव त्या राजवटीला चिकटलं.

लढाईनंतर हे कागद सोफीने बांधलेल्या त्या दप्तरात आले, म्हणजे पुढे हेल्मुट यांच्या ताब्यात. पूर्व जर्मनीत नित्शे म्हणजे शत्रू. त्याची पुस्तकं छापत नसत. आयोगाचे जुने हेल्मुट असते तर काय केलं असतं, कोण जाणे. ते कागद फाडून टाकले गेले नाहीत. १९६१ पासून मोन्टिनारी नावाचा एक इटालियन अभ्यासक वायमारला येऊन ते कागद वाचू लागला. वर्षानुवर्षं तो एकेक वही, एकेक ओळ ताडून पाहत होता. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, माणसांची ये-जा बंद झाली, पण दप्तराचं दार त्याच्यासाठी उघडं राहिलं. त्या कामातून नित्शेचं खरं लिखाण जगासमोर आलं. बहिणीने काय घातलं आणि काय काढलं, ते कागदावर कागद ठेवून दाखवता आलं. पुस्तकं छापली गेली इटलीत आणि पश्चिम जर्मनीत. पूर्व जर्मनीत तेव्हा नाहीच.

मला यातली गंमत अशी वाटते. ज्या बहिणीचं भावावर प्रेम होतं तिने त्याचे शब्द बिघडवले. ज्यांना तो माणूस पटत नव्हता त्यांच्या ताब्यात ते शब्द जसेच्या तसे राहिले. जपायला प्रेमच लागतं असं नाही. आपल्याला न आवडणारा कागदही न फाडण्याची शिस्त लागते.

पण कुलपाची सवय पूर्ण सुटली होती असंही नाही. १९७० च्या नोव्हेंबरात, हेल्मुट प्रमुख असताना, गटेची शवपेटी गुपचूप उघडली गेली. आतली अवस्था पाहिली, अस्थी साफ करून परत ठेवल्या. हेतू जपणुकीचाच असेल. पण लोकांना सांगितलं नाही. लोकांना ते कळलं १९९९ साली, जवळजवळ तीस वर्षांनी. ज्यांच्या नावाने सगळं जपायचं त्यांनाच विचारायचं नाही, ही आयोगाची खोड तिथेही दिसते.

हेल्मुट १९७३ च्या डिसेंबरात वारले. शेवटची दोन वर्षं ते गटेच्या नावाने चाललेल्या जुन्या मंडळाचे अध्यक्ष होते. देशाचे दोन तुकडे झाले तरी या मंडळात दोन्हीकडचे सभासद होते, तसं राहिलेल्या थोड्या संस्थांपैकी ते एक. पुढे १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, हेल्मुट यांचं सरकार आणि त्यांचा पक्ष इतिहासजमा झाला. घरं, बागा, दप्तर मात्र राहिलं. १९९८ साली वायमारच्या या जागांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

आणि तरीही जपणूक कधी संपत नाही. २ सप्टेंबर २००४ च्या रात्री आना आमालियाच्या त्या ग्रंथालयाला आग लागली. गावातल्या लोकांनी रांग करून हातोहात पुस्तकं बाहेर काढली. तरी ५०,००० पुस्तकं जळून गेली आणि ६२,००० पुस्तकं आगीने आणि पाण्याने खराब झाली. तीन वर्षांनी ग्रंथालय पुन्हा उघडलं. खराब पानं एकेक करून सुधारण्याचं काम पुढे कितीतरी वर्षं चाललं.

मैत्रिणींनो, आता आपल्या पेटीकडे येऊ. आपल्या गावात कोणाची आठवण जपली आहे? शाळेत देणगीदारांचे फोटो आहेत, पंचायतीत सरपंचांच्या नावांचा फलक आहे. पण दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी आजी, गावात पहिल्यांदा दारूच्या गुत्त्यासमोर बसलेल्या बाया, आपल्या गटाच्या पहिल्या बैठकीची वही, हे कुठे आहे? पुष्कळ वह्यांना कसर लागली असेल. काही चुलीत गेल्या असतील.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या जुन्या वह्या, फोटो, अर्जांच्या प्रती एका पेटीत ठेवा. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, पेटी जमिनीला टेकवू नका. ज्या आज्या आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांचं बोलणं लिहून घ्या किंवा मोबाईलवर भरून घ्या. त्यांनी सांगितलेलं आपल्याला पटलं नाही तरी तसंच लिहा. भांडणाची गोष्टही लिहा. पैसे कोणी बुडवले होते तेही लिहा, आणि नंतर कोणी फेडले तेही. सून म्हणून वाईट वाटेल अशी ओळ गाळू नका, सासू म्हणून गैरसोयीची ओळही खोडू नका.

पेटी एकीकडे ठेवा, किल्ली दुसरीकडे, आणि पेटीत काय काय आहे त्याची यादी तिसरीकडे. वर्षातून एकदा सगळ्यांसमोर उघडा आणि मोठ्याने वाचा.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर नमस्कार.